झाकलेल्या यंत्राची पूजा

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता, फरीदा मुलाणीनं चाचणी-खोलीतल्या यंत्रावरचं मेणकापडी झाकण उचललं, आणि खाली बेदाण्याचं खोकं निघालं.

खोकं लाकडी होतं, तासगावचं. यंत्राएवढंच रुंद आणि यंत्राएवढंच उंच. झाकणावर झेंडूचा हार होता, हळदीकुंकू होतं, सुटं फूलही होतं. खंडेनवमीला आमच्या वसाहतीतल्या झाडून सगळ्या माणसांनी रांगेनं येऊन त्याला नमस्कार केला होता. मी दोनदा केला होता. मला बढती हवी होती.

मी सयाजी, माधवनगरच्या औद्योगिक सहकारी संघाचा कारकून. संघ म्हणजे माळावरच्या तीन शेड, एक चाचणी-खोली, एक पाण्याची टाकी आणि एक चेअरमन. साल एकोणीसशे सत्याहत्तर. जे गेलं होतं ते ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट हिरव्या काचेवर काढून दाखवणारं यंत्र. तिन्ही शेडना मिळून ते एकच होतं. ते नसेल तर आमच्या मालाला आणि जत्रेतल्या खेळण्याला फरक काय, हे कुणालाही सिद्ध करता आलं नसतं.

आणि सोमवारी अकरा वाजता ते सिद्ध करायचं होतं. लष्कराच्या वायरलेस संचांना लागणारे ट्रान्सफॉर्मर आम्ही करू शकतो का, हे पाहायला पुण्याहून समिती येणार होती.

चेअरमन नानासो पाटील धावत आले. धावायची सवय नसल्यामुळे आल्यावर त्यांना आधी खुर्ची द्यावी लागली. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, फरीदाकडे पाहिलं, आणि मला सांगितलं, "लिहा."

मी वही काढली.

"यंत्राची जबाबदारी फरीदा मुलाणी यांची. सोमवारी अकरापर्यंत यंत्र जागेवर आलं न्हाई, तर त्यांना कामावरनं कमी करन्यात येतंय. आन पोलिसांत वर्दी."

फरीदा बावीस वर्षांची. सांगलीच्या आयटीआयमधून रेडिओचं शिक्षण घेऊन आलेली. चोरीचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला जिल्ह्यातल्या कुठल्या शेडचं दार उघडलं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती एवढंच म्हणाली, "चेअरमनसाहेब, मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः झाकण घातलं तेव्हा खाली यंत्र होतं."

"आन आता बेदाना हाय," नानासो म्हणाले आणि गेले.

बेदाणाही नव्हता. पण ते आम्हाला नंतर कळलं.

२

आमच्या माळावर असली नाजूक कामं का चालतात, असं बाहेरची माणसं विचारतात. उत्तर सोपं आहे. मुलाम्याला पाणी लागतं, ते कृष्णेचं आहे. बिघडलं तर सांगायला सैन्यातल्या सिग्नलमधून परतलेले हवालदार गावोगाव आहेत. आणि कॉइल गुंडाळायला बोटं लागतात. माधवनगरच्या मिलमध्ये वीस वीस वर्षं सूत धरलेल्या बायकांची बोटं केसाहून बारीक तांब्याची तार न तोडता चार हजार वेढे गुंडाळतात. विजेचा मात्र एक वार सुट्टीचा होता. बुधवारी सकाळपासून पाचपर्यंत वीज बंद, म्हणून वसाहतही बंद.

त्या बोटांमध्ये पहिली बोटं शालूबाईंची.

शालूबाई पंचेचाळिशीच्या. कॉइल विभागाच्या मुकादम. वेढे मोजताना त्या बोलत नसत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसत. शंभर पुरे झाले की हात थांबवून एक वाक्य बोलायच्या, मग पुढचे शंभर. त्यांच्याशी गप्पा मारायच्या तर अर्धा दिवस काढून जावं लागे.

फरीदाशी त्यांचं दोन वर्षं भांडण होतं. फरीदानं त्यांच्या एकसष्ट कॉइल नापास केल्या होत्या. म्हणून त्या चाचणी-खोलीत शिरल्या तेव्हा मला वाटलं, आनंद साजरा करायला आल्या.

"फरीदा," त्या म्हणाल्या, "रडलीस का?"

"नाही, मावशी."

"मग बरं हाय. सयाजी, दार लाव."

"शालूबाई, तुम्हाला हिचा एवढा पुळका कधीपासून?" मी विचारलं.

"पुळका न्हाई रं. माझी कॉइल नापास करनारी सबंध जिल्ह्यात ही एकच हाय. ही गेली, तर माझी पास झालेली कोन खरी मानील?"

त्या टेबलाशी वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"ह्या मुंग्या कवापास्नं?"

टेबलाच्या मागच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती, खोक्याच्या बुडाखाली जात होती आणि परत येत होती.

"नवमीला नारळ फोडला ना," मी म्हणालो.

"बाहेर पायरीवर फोडला," फरीदा लगेच म्हणाली. "खोलीत मी काहीच करू देत नाही. गेल्या वर्षी यंत्राच्या जाळीतून कुंकू आत गेलं होतं. तेव्हापासून नियमच आहे. पूजा झाकणावरून, नारळ पायरीवर, प्रसाद अंगणात."

"मग ह्यास्नी हितं कोन जेवाय घालतंय?" शालूबाईंनी टेबलावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "खोबऱ्याचा वास हाय. आंबलाय."

त्यांनी खोक्याची फळी उचकटली. आत लेथवरचा लोखंडी कीस गच्च भरला होता. त्यांनी हात घातला, कोपरापर्यंत, आणि किसातून एक जड वस्तू बाहेर काढली.

नांगराचा फाळ होता. घासून लख्ख केलेला. आणि त्यावर हळद, कुंकू आणि चार अक्षता चिकटलेल्या.

"या अल्ला," फरीदा म्हणाली.

"नवमीला झाकन कुनी उचललं हुतं?"

"कुणीच नाही. त्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत, म्हणून मीसुद्धा नाही. आणि आज मी उचललं तोवर वरचं हळदीकुंकूही हललं नव्हतं."

शालूबाई स्टुलावर बसल्या. "म्हंजी हे कुंकू नवमीच्या आदीच लागलंया. यंत्र त्याच्याही आदी गेलं. आपन समदी दोन दिसांचा हिशेब देत बसलोय, कोन कुठं हुता म्हनून, आन चोरी झाली बुधवारी. वीज नसताना, वसाहतीत कुत्रं नसताना."

"पण चोर फाळाची पूजा कशाला करेल?"

"तेच तर. खोक्यात नुसता कीस भरूनबी भागलं असतं. पर त्याला ठावं हुतं, दुसऱ्या दिशी मानसं येऊन ह्याच्यापुढं डोकं टेकनार. रिकाम्या खोक्याला पाया पडाय लावायचं त्याच्या जिवावर आलं. म्हनून आत खरं हत्यार ठेवलं, पुजून." त्यांनी फाळ पदरात गुंडाळला. "चोर देवभोळा हाय, सयाजी. आन त्यो आपल्यातलाच हाय."

३

चाचणी-खोलीची दुसरी किल्ली माझ्या कचेरीत, कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते. गुप्त आहे, म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण कचेरीची किल्ली माझ्याशिवाय तिघांकडेच होती. लेथवाल्या अर्जुना मोहित्यांकडे, मुलामावाल्या चांदसाहेबांकडे आणि नानासोंकडे. तिघांच्या तीन शेड. मी बुधवारी तासगावला आत्याकडे होतो. तसा साक्षीदारही होता, आत्यानं मला चार वेळा जेवायला वाढलं होतं.

शालूबाईंनी तिघांना एकेक करून आपल्या यंत्रापाशी बोलावलं. फाळाचं नाव काढायचं नाही, असं मला बजावलं.

पहिले अर्जुना. ते आल्या आल्या बोलू लागले, "कीस माझा हाय म्हून मी चोर व्हय?" शालूबाईंनी हात वर करून गप्प केलं. सत्तेचाळीसवा वेढा चालला होता. अर्जुना उभे राहिले. शंभर झाल्यावर शालूबाई म्हणाल्या, "बोला."

"कीस माझ्या शेडमागं ढिगानं पडलाय. कुनीबी पाटीभर उचलावा. स्कोप माझ्या शेडला पायजे हुता हे खरं, मी चारचौघांत भांडलोय. भांडनारा मानूस चोरतो का?"

शंभर वेढे.

"बुधवारी कुठं हुतासा?"

"आष्ट्याला. मेहुन्याची म्हस बघाय. म्हस पसंत न्हाई पडली."

शंभर वेढे. अर्जुनांना घाम आला होता. म्हैस पसंत न पडल्याचं त्यांना आता वाईट वाटत असावं.

"नवमीला घरी काय पुजलंसा?"

"आं? ट्रॅक्टर. दोन साल झाली बैलं इकून. ट्रॅक्टर, पान्हे, आन आजोबाची तलवार."

"जावा."

मग चांदसाहेब. साठीचे, शांत गृहस्थ. मोजणी चालू असताना ते स्टुलावर बसून डुलकी काढायचे आणि शंभर झाले की जागे व्हायचे. हे त्यांनी कसं जमवलं ते मला अजून कळलेलं नाही.

"खोकं माझ्याच मालाचं, बाई. मेहुणा पाठवतो तासगावहून. मुलामा दिलेले भाग त्यातनंच जातात, तिन्ही शेडला असली खोकी पडून आहेत. बुधवारी मी घरी. पाणी पाहिजे, वीज पाहिजे, दोन्ही नसलं की मी झोपतो."

"नवमीला तुमच्यात काय ठेवत्यात?"

"शेडमधी पोरं टाक्या पुजतात, मी नारळ आणून देतो. घरी काय नाय."

"शेताला नांगर हाय?"

"कुठला नांगर? भावाची द्राक्षबाग आहे. बागेत नांगर घातला तर भाऊ मलाच जुंपील."

शेवटी नानासो. चेअरमन असल्यामुळे त्यांना बोलावता येईना, म्हणून शालूबाई यंत्र सोडून त्यांच्याकडे गेल्या. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर पाटी होती. 'चाचणी-यंत्रास कोणीही हात लावू नये. हुकुमावरून, चेअरमन.'

"मी बुधवारी शेतावर," नानासो म्हणाले. "उसाला पानी पाजत हुतो."

"वीज न्हवती की, नानासो. मोटार कशावर चालली?"

नानासोंनी मिशीला हात लावला. "डिझेल इंजिन हाय."

"बरं. आन नवमीला नांगर पुजला?"

"हे काय इचारनं झालं? पाटलाच्या घरी नांगर न पुजून चालंल व्हय? नांगर, फाळ, कुळव, समदं पुजलं."

शालूबाई हसून बाहेर आल्या. अंगणात आल्यावर त्यांचं हसू गेलं.

"सयाजी, ह्येनी फाळ येगळा का सांगितला? नांगर म्हनलं की फाळ आलाच. त्येच्या बिगर कोन नांगर ठेवतंय?"

४

रविवारी सकाळी शालूबाई, फरीदा आणि मी नानासोंच्या मळ्यावर गेलो. हातात आपट्याची पानं होती. सोनं द्यायला दोन दिवस उशीर झाला होता, पण धोंडुबाई, म्हणजे नानासोंच्या मंडळी, कुणी घरी आलं की वार विचारत नाहीत.

नानासो सांगलीला गेले होते. चहा झाला. शालूबाई गोठ्याकडे बघत म्हणाल्या, "नांगराचा हार वाळला की वो, वैनी."

"वाळू दे मेला. औंदा लाज आनली त्यानं."

"ती कशी?"

"आवं, बोळक्या नांगराची पूजा केली आमी! फाळच न्हाई त्याला. मंगळवारी गड्यानं घासून, चकचकीत करून ठेवलावता. बुधवारी गायब. मी ह्येंस्नी इचारलं, तर म्हनले लोहाराकडं दिलाय. मी म्हनलं, सनाच्या तोंडावर कोन फाळ लोहाराकडं देतंय? तर माझ्यावरच वराडले. आन लोहार परवा सोनं द्याय आल्ता, त्यो म्हनतोय, माझ्याकडं न्हाई काकी."

फरीदानं कप खाली ठेवला. कपाचा आवाज झाला.

"आन इंजिन?" शालूबाईंनी विचारलं. "उसाला पानी पाजतासा ते?"

"कसलं इंजिन? डिझेल इंजिन साताऱ्याच्या भाच्याला देऊन साल झालं."

धोंडुबाईंनी आग्रहानं आणखी एक चहा पाजला. आपण नवऱ्याला किती अडकवलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र चहा गोड लागेना.

५

नानासो दुपारी मळ्यावर परतले, तेव्हा आम्ही तिघं जीपच्या वाटेतच बसलो होतो. शालूबाईंनी पदरातून फाळ काढून बॉनेटवर ठेवला.

नानासोंनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठं घावला?"

"तुमी ठेवला तिथंच. आता मी सांगते, चुकलं तर थांबवा. झाकनावरची पूजा तुमास्नी पटत न्हवती. सोमवारी एवढी मोठी समिती, आन यंत्राला देवाचा हात लागनार मेनकापडावरनं. म्हून बुधवारी कुनी नसताना तुमी खोली उघडली आन खरी पूजा केलीसा. झाकन काढून. टेबलावर नारळ फोडलासा."

"टेबलावर न्हाई," नानासो हळूच म्हणाले. "यंत्रावर."

"यंत्रावर?" फरीदा किंचाळली.

"नवी मोटार घेतली तवाबी तसाच फोडला हुता, पोरी. मोटार आजून चालतीया."

"मोटारीला वरून जाळी असते का?"

"पानी आत गेलं. मी फडक्यानं पुसलं. पाचला वीज आली तवा म्हनलं, बघू या काय झालंय का. बटन दाबलं. फट् करून आवाज आला आन धूर निघाला."

त्यापुढचं त्यांनी सरळ सांगितलं. साताऱ्यात मानसिंग नावाचे निवृत्त सिग्नल हवालदार रेडिओ दुरुस्त करतात. त्याच संध्याकाळी नानासोंनी यंत्र जीपमध्ये घालून त्यांच्याकडे पोचवलं. शुक्रवारी मिळेल, शनिवारी कुणाला कळायच्या आत जागेवर येईल, असा हिशेब होता. पण मानसिंग म्हणाले, जळालेला भाग पुण्याहून मागवावा लागेल. पंधरा दिवस.

"आणि मग तुम्ही मला चोर ठरवलंत," फरीदा म्हणाली.

"चोर न्हाई म्हनलो. जबाबदार म्हनलो."

"वर्दी कशाची देणार होतात? जबाबदारीची?"

गावात त्यांच्या शब्दावर बांधाचे तंटे मिटत. आणि आता ते बॉनेटवरच्या फाळाकडे बघत होते, जणू त्यानंच त्यांच्याशी फितुरी केली होती.

"त्या पाटीखाली बसून मी सांगू कसं, शालूबाई? हसं झालं असतं वसाहतीचं."

"वसाहतीचं न्हाई, तुमचं. दोन्ही एकच हाय असं तुमास्नी लय दिवस वाटतंय." शालूबाई जीपमध्ये चढून बसल्या. "चला."

"कुठं?"

"साताऱ्याला. अकराला आजून येक सबंध सकाळ शिल्लक हाय."

६

मानसिंग हवालदारांनी आम्हाला सलाम ठोकला आणि जळकं भेंडोळं टेबलावर ठेवलं. "बाकी यंत्र साफ केलंय, टणटणीत आहे. हा पॉवर ट्रान्सफॉर्मर तेवढा खलास. पुण्याला पत्र टाकलंय."

शालूबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"हे ट्रान्सफॉर्मर हाय."

"होय, बाई."

"नानासो, तुमच्या खुर्चीपास्नं चाळीस पावलांवर चौदा बायका दिसभर काय करत्यात?"

"ट्रान्सफॉर्मर," नानासो म्हणाले.

"आन तुमी पुन्याला पत्र धाडलं."

"तुमास्नी सांगितलं असतं तर कळलं असतं ना समद्यास्नी!"

यंत्र जीपमध्ये घातलं आणि मानसिंगांसह आम्ही परत निघालो. किती वेढे होते हे कळायला जुनी तार उकलून मोजणं भाग होतं. ती शालूबाईंनी जीपमध्येच उकलायला घेतली. म्हणजे जीपमध्ये बोलायची बंदी झाली. नानासोंना फरीदाची माफी मागायची होती, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. उंब्रजला त्यांनी तोंड उघडलं, शालूबाईंनी हात वर केला. कराडला उघडलं, पुन्हा हात. पेठ नाक्याला ते नुसते खोकले, तरी हात वर झाला. तीन तास ती माफी जीपमध्ये सहावा माणूस होऊन बसली होती आणि तिला उतरायला थांबा मिळेना.

सोमवारी सहाला कॉइल विभागाचे दिवे लागले. शालूबाई गुंडाळत होत्या, दुसऱ्या बाजूला मानसिंग कागदाचे थर कापून देत होते. अर्जुनांनी पत्र्याच्या जळक्या पट्ट्या घासून सरळ केल्या. वार्निश वाळवायला चांदसाहेबांनी मुलाम्याची भट्टी तापवली आणि या एका दिवशी ते अजिबात झोपले नाहीत. आठला तार तुटली. शालूबाईंनी तुटकी तार बाजूला टाकली, पहिल्यापासून सुरुवात केली.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी फरीदानं कॉइल हातात घेतली आणि मीटर लावला.

"काय गं?" शालूबाईंनी विचारलं.

"थांबा, मावशी." तिनं दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मला वाटलं शालूबाई आता तिला मारतात. "पास."

मानसिंगांनी ती यंत्रात बसवली. अकराला समिती आली. तिघे साहेब. मुख्य साहेब बारीक चष्म्याचे, कोरड्या आवाजाचे. खोलीत वार्निशचा वास दरवळत होता. त्यांनी टेबलावरची जळकी तार उचलली.

"हे काय?"

फरीदानं माझ्याकडे पाहिलं. विजेचा दाब वाढला, असं एक वाक्य आम्ही तयार ठेवलं होतं. सगळ्या महाराष्ट्रात चालतं असं वाक्य. ती ते बोलणार, तेवढ्यात नानासो पुढे आले.

"यंत्र जळलं हुतं, साहेब."

"कशानं?"

"नारळानं."

साहेबांनी चष्मा काढला. नानासोंनी सगळं सांगितलं. झाकण, नारळ, फडकं, धूर, खोकं. फरीदावर घेतलेला आळ त्यांनी दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा तो अंगणापर्यंत ऐकू गेला नाही. अंगणात चाळीस माणसं ऐकत होती. कुणीही हसलं नाही. मीही नाही, आणि मला ते फार जड गेलं.

"सयाजी, शनिवारचं लिहिलेलं रद्द," ते म्हणाले. "खाली लिहा, चूक चेअरमनची."

"मग दुरुस्ती?" साहेबांनी विचारलं. "पुण्याहून कुणी आलं होतं?"

"न्हाई. हितंच केली. ह्या बाईनी वेढे घेतले, ह्या हवालदारांनी जोडलं, आन ह्या पोरीनं तपासलं."

"किती दिवसांत?"

"साडेचार तास," शालूबाई म्हणाल्या. "तार तुटली नसती तर अडीच."

साहेबांनी मागे वळून आपल्या दोन सोबत्यांकडे पाहिलं. मग वही मिटली आणि फरीदाच्या शेजारचं स्टूल ओढून बसले. "नमुन्याचे ट्रान्सफॉर्मर लावा. मला लाट दाखवा."

फरीदानं बटण दाबलं. धूर निघाला नाही. नानासो डोळे मिटून तिच्या खुर्चीमागे, खिडकीच्या अगदी तोंडाशी उभे होते. मीटरचे आकडे त्यांच्या सावलीत बुडाले होते.

"चेअरमनसाहेब," फरीदा मान न वळवता म्हणाली, "उजेड अडवू नका. तिकडं व्हा."

नानासो बाजूला झाले.